उपाशी घटपर्णी

तापाने मलूल झालेलं बाळ मांडीवर घेऊन सुनीती दवाखान्यात नंबरची वाट बघत बसली होती. नालासोपाऱ्याच्या नव्या बिल्डिंगीत दिवसभर मोठ्या माणसाचा शब्द तिच्या कानावर पडत नसे, म्हणून शेजारच्या बाकावरच्या दोघींचं बोलणं ती जिवाचे कान करून ऐकू लागली.

"आल्बिनामावशी, तुमच्या रुडॉल्फने शिलाँगहून आणलेलं ते माश्या खाणारं झाड कसं आहे?"

"घटपर्णी ना? उपाशी आहे गं, सालोमी. एकेक घट सुकत चाललाय."

"मग काही भरवायचं त्याला."

"भरवलं की. बोंबलाचा तुकडा टाकला, तर तो घटच कुजला."

"मावशी, ते काय मांजर आहे?"

"नवं कोणी घरी आलं की आपण मासळीच वाढतो ना? रुडॉल्फ म्हणाला होता, माश्या आपसूक येतील. कुठून येणार? एकटीचं जेवण, एक ताटली. जेवले की धुऊन पालथी."

"आमच्याकडे आणून ठेवा. पाच पोरं, केळ्यांच्या साली, माश्यांना काय तोटा?"

"नको."

"मरेल हो ते. नाताळला लेक आल्यावर काय दाखवाल?"

"तो मागच्या नाताळलाही येणार होता. सकाळी उठल्यावर मी त्या झाडाशीच बोलते, सालोमी. ते नाही देणार."

"बरं, मग रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर पोरांना घेऊन आम्हीच जेवायला येतो."

"ये. पण जेवून लगेच उठायचं नाही हं. माश्या यायला वेळ लागतो."