धोंडिबा आजोबांचा शेर आणि वारसाप्रेमी सत्त्याहत्तर

...नाही, पण तुम्हीच सांगा, चोरानं चोरी करावी, त्यानं ती केली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण चोरी करून वर "सर, मला अतिशय खेद होतोय" असं लिहायचं? खेद? आणि आमचे हे ते वाचून मला म्हणतात कसे, "बघ तनुजा, भाषा किती चांगली आहे त्याची." आता त्या भाषेचं काय लोणचं घालायचंय का?

तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांचा, सूर्यभानरावांचा, एकच दोष. माणसावर विश्वास. वाळूजच्या कंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, एक नट-बोल्ट इकडचा तिकडं झाला नाही, कारण तिथं मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं, सही घ्यायची. रिटायर होऊन घरी बसले तर मोजायला काही नाही. मग काय, माळ्यावरचं सगळं खाली. वैजापूरकडच्या गावातनं आणलेले अडकित्ते, कंदील, दौती, कुलपं... हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, पाहुणा आला तर त्याला कंदिलाशेजारी बसवायचं, आणि मग मलाच अवदसा आठवली, मीच म्हणलं, अहो, ते लिलावाचं ॲप आहे ना, विका त्याच्यावर.

"हर्राशी?" म्हणाले. आमच्याकडं लिलावाला हर्राशीच म्हणतात. आणि डोळे असे चमकले की मला तिथंच कळायला पाहिजे होतं.

पहिला अडकित्ता लावला. बोली लागली, चढली, एकानं जिंकली, आम्ही खोक्यात भरून चिकटपट्टी मारून तयार, आणि पैसे काही येईनात. ह्यांनी फोन केला तर तो म्हणतो, "काका, सॉरी हं, ते बटण माझ्या तीन वर्षांच्या मुलीनं दाबलं." तीन वर्षांच्या मुलीनं! सात वेळा! दरवेळी बरोब्बर पन्नास रुपयांनी वाढवून! मी म्हणलं, अहो, हा थापा मारतोय. तर हे शांतपणे म्हणाले, "लेकराच्या नावानं माणूस कशाला खोटं बोलंल?"

मग कंदील. तो पोचला, आणि तिसऱ्या दिवशी फोटो आला, काच फुटलेली, अर्धे पैसे परत द्या. मी फोटो मोठा करून बघते तर कंदिलाला वायर. विजेची वायर हो! पार भिंतीतल्या पिनपर्यंत गेलेली! म्हणलं, हा आपला कंदील तरी आहे का? "त्यानं नंतर बसवली असंल वायर," हे म्हणाले आणि दिले अर्धे पैसे परत. "माणूस कशाला खोटं बोलंल?"

बरं, एवढ्यावर थांबावं ना? थांबले असते तर मी तुम्हाला सांगत कशाला बसले असते? त्यांनी शेर काढला. शेर म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप, पितळी, चांगला जाड, बाहेरून निजामाच्या काळातला शिक्का मारलेला. ह्यांच्या आजोबांचा, धोंडिबा आजोबांचा. त्याच मापानं आजोबा शेतावरच्या बायामाणसांना मजुरीचा जोंधळा द्यायचे. आणि लग्न झाल्यापासून, म्हणजे तेहतीस वर्षं, दर जेवणाला मी ऐकतेय, "आमच्या आजोबांच्या मापात दाणा कमी पडला नाही, अख्खं गाव सांगतं." भाकरी वाढली की आजोबा. भात वाढला की आजोबा. म्हणलं, एवढा जीव आहे तर विकता कशाला? तर म्हणाले, "माळ्यावर पडून राहण्यापेक्षा जाणकाराच्या हाती पडू दे. आजोबांचं नाव होईल."

नाव व्हावं म्हणून मग जाहिरात. पानभर! 'हे माप म्हणजे खरेपणाची साक्ष, अस्सल आणि पुरेपूर.' आणि फोटो काढताना शेरात जोंधळा शिगोशीग भरला, वर झेंडूचं फूल. मी म्हणलं, अहो, आतून पण एक काढा, लोक बघतात. तर आमच्या आत्याबाई, म्हणजे ह्यांच्या आई, केसरबाई, कॉटवरून ओरडल्या, "रिकामं माप दावू नये, सूर्यभान. घराला बरं नसतं." आणि सहसा आत्याबाई असल्या गोष्टींत पडत नाहीत बरं का, पण त्या दिवशी पडल्या, आणि ह्यांनी ऐकलं.

शेर घेतला वारसाप्रेमी सत्त्याहत्तरनं. हेच नाव हो त्याचं ॲपवर. साडेसहा हजाराला. पैसे ॲपवाल्या कंपनीकडं जमा, घेणाऱ्यानं माल बघून हो म्हणलं की आपल्याला मिळणार. त्रिमूर्ती चौकातल्या कुरिअरवाल्याकडं जाऊन पार्सल केलं, वजन केलं, पावती आली आणि फाईलला लागली. आठव्या दिवशी तो निरोप. "सर, मला अतिशय खेद होतोय. वस्तू मला तितकीशी जुनी वाटली नाही. जशीच्या तशी परत पाठवतोय." मी म्हणलं, काहीतरी शिजतंय. हे म्हणाले, "तनुजा, नाही आवडली त्याला. माणूस कशाला खोटं बोलंल?"

पार्सल आलं. उघडलं. तसाच शेर, तसंच पितळ, तसाच शिक्का. हे तर खूशच झाले, आजोबा घरी आले म्हणून फ्रिजवर नेऊन ठेवला. दुपारी आत्याबाईंनी पुसायला म्हणून हातात घेतला, वर केला, खाली केला, आणि म्हणाल्या, "हे आपलं नाय."

"काय नाय?"

"माप. हलकं लागतंय."

आता स्टोअरचा माणूस तो! फाईल काढली. जातानाची पावती, येतानाची पावती, डब्यासकट सगळं तेच, आणि वजनात फरक एकशेऐंशी ग्रॅम. तुम्हाला सांगते, माणूस खाली बसला. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं, "तनुजा... खोटं बोलला गं तो." मला खरंच वाईट वाटलं, पण सांगू का, आनंद पण झाला. म्हणलं, आला एकदाचा माणूस माणसांत. मी पदर खोचला. लावा म्हणलं फोन, आता सोडायचं नाही!

फोनवर कंपनीची पोरगी, प्रांजली. आवाज असा की साखरेची वाटी. "आपल्या संयमाबद्दल धन्यवाद, सर. पावत्या मिळाल्या, सर. पण खरेदीदार म्हणतात की हेच माप त्यांना मिळालं, आणि फोटोत दोन्ही सारखीच दिसतायत. तर आपलं माप एकशेऐंशी ग्रॅम जड का होतं, याचं कारण उद्या संध्याकाळपर्यंत लेखी कळवा. नाहीतर पैसे त्यांना परत जातील."

कारण? ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाई एकदम कोथिंबीर निवडायला बसल्या. अहो, निवडून फ्रिजात ठेवलेली कोथिंबीर, ती परत काढून!

"आई, तुला कसं कळलं हलकं आहे म्हणून?"

"रोज हातात धरलंय मी."

"पण आपलं जड का होतं?"

"आता जुनी गोष्ट हाय ती."

"आई."

मग कोथिंबिरीकडंच बघत म्हणाल्या, "त्याला आतून दुसरा तळ हाय. आमच्या मामांनी, म्हंजे तुझ्या आजोबांनी, बसवून घेतला व्हता तांबटाकडून. मूठभर कमी बसायचं."

हे म्हणाले, "म्हणजे मजुरांना देताना..."

"देताना हेच."

"आणि कुणाकडून घेताना?"

"घेताना दुसरं व्हतं."

आता मला हसू यायला पाहिजे होतं की नाही? तेहतीस वर्षांचे आजोबा एका कोथिंबिरीच्या जुडीत संपले, मला तर पेढे वाटायला पाहिजे होते! पण ह्यांचं तोंड बघितलं आणि हसू कुठल्या कुठं गेलं. आत्याबाई हळूच म्हणाल्या, "गाव म्हणायचं ते काय लबाड नव्हतं रं. मामांचं ध्यान नसलं की मी वरून एक मूठ टाकायचे. रोज. म्हणून दाणा कमी पडला नाय." म्हणजे बघा, नाव झालं आजोबांचं आणि मूठ होती आत्याबाईंची. तेहतीस वर्षांत मी त्यांच्या पाया पडले ते सणावाराला, रीत म्हणून. त्या दिवशी मनापासून पडले.

ह्यांना मी म्हणलं, जाऊ द्या. साडेसहा हजार गेले तर गेले, आजोबांचं नाव राहू द्या. कोण कुठली प्रांजली, तिला कशाला सांगायची घरातली गोष्ट? हे हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत नुसत्या फेऱ्या. मग बसले आणि लिहिलं. काय लिहिलं? सगळं! 'माझ्या आजोबांनी सदर मापास आतून खोटा तळ बसवून घेतला होता, ही बाब मला काल समजली.' खाली संपूर्ण नाव, मुक्काम, तालुका वैजापूर, तारीख, सही. सहीसुद्धा कशी, कंपनीत माल घेताना करायचे तशी, ठसठशीत. म्हणाले, "आता कारण विचारलंय, तर कारण खरंच द्यावं लागंल ना."

कंपनीनं ते पत्र जसंच्या तसं त्याला पाठवलं, आणि दोन तासांत वारसाप्रेमीचा निरोप हजर. "सर, मला अतिशय खेद होतोय. म्हणजे जाहिरातीत आपण 'अस्सल आणि पुरेपूर' लिहिलं होतं, ते असत्य होतं." आणि त्याच्या मागोमाग प्रांजली, "सर, वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्याचं आपणच मान्य केल्यामुळं पैसे खरेदीदाराला परत केले आहेत. आपल्या संयमाबद्दल धन्यवाद." शेर गेला, पैसे गेले, आजोबा गेले! एका कागदात!

थांबा, संपलं नाही अजून. आठवड्यानं हे ॲप बघतायत, आणि एकदम चष्मा काढला, पुसला, परत लावला. आमचा शेर! हर्राशीला! आतून काढलेले चांगले पाच फोटो! 'अतिदुर्मीळ, दुहेरी तळाचं फसवं माप. मूळ मालकाच्या नातवाच्या सहीच्या लेखी कबुलीसह.' आणि बोली सुरूच एकवीस हजारापासून! अहो, नुसत्या शेराला साडेसहा, आणि ह्यांच्या सहीला साडेचौदा हजार! बँकेनंसुद्धा कधी ह्यांच्या सहीला एवढा भाव दिला नाही. मी प्रांजलीला फोन लावला, तर म्हणे प्रकरण बंद झालंय, मॅडम.

ह्यांनी काय करावं? रागवावं? फोन आपटावा? ते उठले, पलीकडच्या गिरणीतून त्यांचा शेर मागून आणला, चोरानं पाठवलेल्या शेरात जोंधळा भरला आणि गिरणीच्या शेरात ओतला. एकदा, दोनदा, तीनदा. काठोकाठ. एक दाणा कमी नाही, एक दाणा जास्त नाही. मग मला म्हणाले, "तनुजा, तीन पिढ्यांत ह्या घरात आलेलं हे पहिलं खरं माप."

तेवढ्यात फोन वाजला. ॲपचा निरोप. 'वारसाप्रेमी सत्त्याहत्तर यांच्यासोबतचा आपला व्यवहार कसा झाला? पाचपैकी किती तारे द्याल?' मी म्हणलं, एक द्या, त्याच्याखाली शून्य नाही म्हणून एक. ह्यांनी बराच वेळ विचार केला. जोंधळ्याकडं बघितलं, शेराकडं बघितलं, आणि दाबले पाच.

अहो, पाच?

"माप तर पुरं दिलं ना त्यानं," म्हणाले. "मी कशाला खोटं लिहू?"