झाकण लावून काढलेले चाळीस फोटो

नाव: अर्जावर आहे ते, गल्लीत 'तागेवाली आजी' म्हणून ओळख. वय: अंदाजे चौऱ्याहत्तर, दाखला नाही. धंदा: कापड गिरणीत तागे तपासत असे, आता घरी. शिक्षण: नाही. राहणार: तिसरा मजला, गच्चीच्या जिन्यालगतची खोली.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझी सून व नात राहतो. मुलगा बोटीवर इंजिनखोलीत असतो, वर्षातून दोनदा येतो. सून इस्पितळात एक्स-रे काढते. मला अक्षर ओळखत नाही, पण गिरणीत एकतीस वर्षे काचेच्या टेबलाखाली दिवा लावून कापडातला तुटका धागा शोधला आहे. नजर शाबूत आहे. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांच्या शर्टाचे दुसरे बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेले आहे, हे मी सुरुवातीलाच सांगितले. ते म्हणाले, हे लिहायचे नसते. मी म्हटले, लिहा.

सून गच्चीवर दुर्बिणीला कॅमेरा लावून दीर्घिकांचे फोटो काढते. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचे मोठे गाव, इतके लांब की त्याचा उजेड इथवर पोचेपर्यंत दमून जातो. सध्याची तर फारच फिकी आहे. सून तिला नंबराने बोलावते, मी पुसटबाई म्हणते. एक फोटो पाच मिनिटांचा, असे अकरा रात्रींत दोनशे चौदा झाले. सकाळी सून कामावर जाण्यापूर्वी मी ते एकेक करून पाहते. तारा गोल न येता लांबट आला की फोटो बाद. विमानाची रेघ आली, बाद. ढग, बाद. एकूण एकसष्ट बाद केले. सून म्हणाली, "आई, थोडी दया दाखवा." मी म्हटले, "दया तुझ्या नवऱ्याला दाखवली होती. काय झालं ते बघतेस ना."

काल सकाळी अकराच्या सुमारास दोन पोलीस आले व दुर्बीण, कॅमेरा आणि लॅपटॉप घेऊन गेले. समोरच्या इमारतीतल्या विमा एजंटांनी अर्ज दिला होता की, सदर नळी त्यांच्या खिडकीवर रोखलेली असते, आणि ते झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेले की नळीही हळूहळू तिकडे वळते.

एक्स-रेच्या खोलीत बायका कपडे सैल करून सुनेसमोर उभ्या राहतात. चोरून फोटो काढणारी म्हणून नाव लागले तर तिला तिथे कोण ठेवील, हे ती काल बोलली नाही. जेवलीही नाही. कामावरचा पांढरा कोट मात्र दोनदा धुतला.

आज दुपारी तीन वाजता मी सुनेला घेऊन ठाण्यात आले. एजंट हजर होते. साहेबांनी विचारले की, लॅपटॉपमध्ये चाळीस फोटो नुसते काळे आहेत, त्यांत काय होते आणि ते कोणी पुसले. मी सांगितले की, काही नव्हते, कोणी पुसले नाही, ते झाकण लावून काढले आहेत. झाकण मीच लावते.

हवालदार म्हणाले, "आजी, झाकण लावून कोण फोटो काढतं?"

मी म्हटले, "ज्याला खोटं बोलायचं नाही तो."

खुलासा असा की, कॅमेऱ्याच्या अंगचेही डाग असतात आणि ते प्रत्येक फोटोत उतरतात. झाकण लावले की बाहेरचे काही आत येत नाही, डाग तेवढे उमटतात. मग ते खऱ्या फोटोंतून वजा करायचे. गिरणीत आम्ही तागा अंथरण्याआधी रिकामी काच पाहून ठेवत असू. काचेचा ओरखडा विणकराच्या माथी मारायचा नाही, असा आमच्या खात्याचा नियम होता. हे सांगताना मी एजंटांकडे पाहिले, हे खरे आहे.

नळी वळण्याबाबत विचारता सांगते की, पृथ्वी फिरते, म्हणून नळी मोटरवर ताऱ्यांच्या मागे फिरते. एजंट म्हणाले, "पण माझ्या स्वयंपाकघराकडेच कशी?" मी म्हटले, "भाऊ, तुमचं स्वयंपाकघर पश्चिमेला आहे, त्याला पुसटबाई काय करणार?"

साहेब म्हणाले, दाखवा. सुनेने त्यांच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. आधी एकच फोटो दाखवला. काळा, वर चार ठिपके. मग बाद वगळून उरलेले एकशे त्रेपन्न एकावर एक रचायला लावले. त्याला पंचवीस मिनिटे लागली, तेवढ्यात सर्वांचा चहा झाला. रचून झाले तरी काळेच. एजंट हसले. हे नमूद करावे.

मग सुनेने उजेड ओढायला घेतला. फिका उजेड तेवढा हळूहळू वर आणायचा असतो, घाई केली की सगळेच पांढरे होते. पहिल्यांदा कोपऱ्यात पिवळट डाग आला. एजंटांनी विचारले, हे काय. मी म्हटले, "हे तुम्ही. तुमच्या गॅलरीतला दिवा. सगळ्या फोटोंत मिळून तुम्ही एवढेच आला आहात." सुनेने तो डागही वजा केला.

त्यानंतर मधोमध पुसटबाई आली, एका अंगाला कललेली. साहेबांनी स्वतः उठून ट्यूबलाइट बंद केली. सून म्हणाली, "आई, शेपूट." पुसटबाईच्या खालून एक धागा निघून शेजारच्या लहान दीर्घिकेपर्यंत गेला होता. अकरा रात्री आम्ही दोघी तिच्या मागे होतो, पण हा धागा आम्हाला दिसला नव्हता.

मी म्हटले, "नाचू नकोस. काचेचा ओरखडा नाही ना, ते आधी बघ." सुनेने काळे फोटो पुन्हा ताडून पाहिले. पहिल्या सहा रात्री वेगळ्या रचल्या, नंतरच्या पाच वेगळ्या. दोन्हींत धागा त्याच जागी होता, काळ्या फोटोंत कुठेच नव्हता. मी बोट फिरवून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. कुठे तुटलेला नाही. मी म्हटले, "तागा पास." एकतीस वर्षांत हे शब्द मी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. हवालदारांनी येथे 'सून भावनावश झाली' असे लिहिले होते, ते खोडायला लावले. ती हसत होती.

एजंटांनी चष्मा पुसून पुन्हा घातला व विचारले, "हे माझ्या घरावर असतं?"

मी म्हटले, "तुमच्या पाण्याच्या टाकीच्या दीड वीत वर. तुम्ही खिडक्या लावून बसता."

त्यांनी अर्ज लेखी मागे घेतला. एकाही फोटोत मनुष्य नाही, अशी नोंद साहेबांनी स्वतःच्या हाताने केली व तिची प्रत सुनेला दिली. सामान परत मिळाले, झाकणासह.

एजंटांविरुद्ध माझी काही तक्रार आहे का, असे विचारता सांगते की, नाही. त्यांचा गॅलरीतला दिवा मात्र धाग्याच्या टोकाशी नडतो. कुठल्या दिवशी बंद ठेवू, असे ते म्हणाले. मी म्हटले, "आज." त्यांनी इथूनच घरी फोन करून बायकोला तसे सांगितले.

वरील मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला व मी डोळे मिटून ऐकला. मी बोलले तसाच आहे. दोन ठिकाणी मला जास्त शहाणी केले आहे, ते राहू द्यावे. खाली पहिला अंगठा फिसकटला, त्याच्या रेघा लांबट आल्या आहेत, तो बाद. शेजारी दुसरा स्वच्छ उमटवला आहे, तोच धरावा.