निळ्या लाळेचा लिलाव

...नाही पण मी म्हणतो, चित्र काढलं माझ्याच पोरीनं, माझ्याच घरी, माझ्याच जेवणाच्या टेबलावर, तो हिरवा डाग अजून निघालेला नाही, आणि तेच चित्र मी शाळेच्या निधीसाठीच्या लिलावात विकत घ्यायचं? तुम्हाला सांगतो, शाळेच्या बाईंना मी विचारलंसुद्धा. तर गोड हसून म्हणतात कशा, "अहो, मुलांसाठीच आहे ना!" झालं!

बरं, चित्राचा विषय 'माझे बाबा'. इतरांचे बाबा विमान चालवतायत, आग विझवतायत... आमच्या कन्यारत्नानं काढलाय सोफा. सोफ्यावर पोट. पोटावर मोबाइल. आणि तोंडातून लाळ. निळी! ते चित्र छातीशी धरून पोरगी स्टेजवर उभी, आणि बघतेय कुणाकडे? माझ्याकडे! कुणी घेतलं नाही तर ती रडणार, आणि कुणी घेतलं तर मी! कारण पहिल्या रांगेत आमचे साहेब, त्यांचाही नातू त्याच शाळेत. साहेब म्हणाले, "वा! हे आपल्या ऑफिसात लावू!"

मी ताडकन हात वर केला. साहेबांनी हसून माघार घेतली. सुटलो म्हणतोय, तोवर मागून, खांबाआडून, कुणीतरी भाव चढवला! मी चढवला. पुन्हा खांबाआडून! कोण हा नतद्रष्ट? मीही पेटलो इरेला. बाई माइकवरून, "चढवा बाबा, चढवा, मुलांसाठीच आहे ना!" सुट्टीतली सहल गेली, माझी दाढ बसवायची राहिलीय तीही गेली... शेवटी एकदाचं चित्र मला सुटलं. वळून बघतो तर खांबाआडून घाम पुसत कोण यावं? आमचे सासरे! हिनंच उभे केलेले! म्हणते, "मला वाटलं, तुम्ही काही हात वर करायचे नाहीत. पोर हिरमुसली असती." अगं, मग मला सांगायचंस की! "तुम्ही मोबाइलमधून डोकं काढलं, तर सांगणार ना?"

तेवढ्यात पोरगी धावत आली, गळ्यात पडली. "बाबा, माझं सगळ्यात महाग गेलं!" खोटं कशाला बोलू... डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या.

निघताना बाईंना विचारलं, हा निधी नक्की कशाला? छप्पर? पुस्तकं? "छे हो! रंग आणि कागद! पुढच्या वर्षी प्रत्येकाची दोन-दोन चित्रं!"

घरी येऊन सोफ्यावर जरा कुठं पाठ टेकली, तर समोर पोरगी, हातात निळा रंग. "बाबा, हलू नको हं!"

नाही हललो. मुलांसाठीच आहे ना!