भाग न जाणारा नंबर

फोनच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या.

"आई, बाबांचा नंबर आज बंद करू या. बाबाच नाहीत, तर ठेवायचा कशाला?"

"अगं, त्याला अजून कशानेच भाग गेलेला नाही."

"तुम्हा दोघांचं आपलं काहीतरीच! रोज संध्याकाळी चहा झाला की एकेक मूळ संख्या घेऊन बसायचात नंबराला भागत."

"बाकी उरली की कसे खुलायचे! 'दोनाला दाद नाही, तिनाला साद नाही. पठ्ठ्या मूळच निघणार बघ!'"

"कुठवर पोचले होते?"

"नऊशे सातपर्यंत. पुढचं मी भागतेय. काल नऊशे अकरालाही बधला नाही."

"आई, हे मोबाइलवर क्षणात कळतं. बघू?"

"नको गं बाई! कळलं, तर संध्याकाळी त्यांच्याजवळ बसू कशी?"