आतला कोपरा

आजोबा: ...तर तुझा बाप जन्मला त्या वर्षी मी वेल्डिंगच्या कामाला लागलो. पहिलंच काम असलंच एक ब्रॅकेट, गॅलरीला खालून आधार द्यायचं.

नात: आजोबा, तुमच्या प्रत्येक गोष्टीत बाबा जन्मलेच पाहिजेत का? जेवणाआधी हे ब्रॅकेटचं चित्र कारखान्यात पाठवायचंय. साठ नग कापायला घेणार आहेत.

आजोबा: पाठव की. मी काय हात धरलाय? एवढंच सांग, चित्रावर ही जाळी कशाला टाकलीस?

नात: मासे धरायला! अहो, ब्रॅकेटचे मनातल्या मनात तुकडे केलेत. एकेका तुकड्यावर किती ताण येतो ते संगणक काढतो.

आजोबा: आणि सगळे तुकडे सारखेच?

नात: हो. का?

आजोबा: तुझी आजी खोली सरसर झाडते, पण कोपऱ्यात बोट घालून बघते. तू नुसतीच सरसर.

नात: तशी सोय आहे यात. जिथं हिशेब कच्चा वाटतो तिथंच हा आपणहून जाळी बारीक करतो आणि पुन्हा मोजतो.

आजोबा: मग?

नात: फार वेळ खातो. बंद ठेवलीय.

आजोबा: वा! कामाचा गडी झोपवलास आणि झाडू स्वतः घेतलास.

नात: पुरे टोमणे. केली चालू. झालं समाधान?

आजोबा: तोवर चहा टाकतो. साखर?

नात: कमी... थांबा.

आजोबा: कमी की थांबा?

नात: इकडे या आधी. हा आतला कोपरा बघा. मघाशी हिरवा होता, आता लालभडक. जाळी बारीक होतेय तसा ताण वाढतच चाललाय.

आजोबा: सकाळी मी बोट कुठं ठेवलं होतं?

नात: तिथंच. मी म्हटलं, स्क्रीनवर डाग पाडू नका.

आजोबा: डाग तेवढा पुसलास. कोपरा गोल कर, बाई. टोकदार ठेवू नकोस.

नात: करते. आज जात नाही मग हे. साहेब ओरडतील.

आजोबा: ओरडू देत. ओरडण्यानं कुणी खाली पडत नाही.

नात: पण न मोजता कसं कळलं तुम्हाला?

आजोबा: माझ्या ब्रॅकेटचा कोपरा असाच होता. टोकदार. छान दिसायचा.

नात: तुटलं?

आजोबा: तिथूनच. गॅलरीत माझा धाकटा भाऊ उभा होता. तुझा बाप पाच महिन्यांचा होता तेव्हा. त्याच दिवशी दुपारी भाऊ गेला.