कपाटातल्या नव्या चादरी

मंडळी, पुष्पाताईच्या घरच्यांनो, दवाखान्याचे मोठे साहेब, आणि मागं उभ्या असलेल्या माझ्या सिस्टरांनो,

ताईच्या शोकसभेत बोलाले उभी झाली. रडू कमी, राग जास्त आहे. गोड बोलणं आज माझ्याकडून होणार नाई.

मी संगीता, ताईच्या हाताखालची सिस्टर. पुष्पाताई आमच्या बाळंतीण वार्डाची इन्चार्ज. तिचं माहेर कुरखेड्याकडचं. जंगलातल्या गावची बाई पहिल्यांदा दवाखान्यात आली, की ताई तिच्याशी गोंडीत बोले. सासूले तिच्या उशाशी बसू दे. आमची ड्युटी बदलली का म्हणे, "पुढच्या सिस्टरले पेशंटची माहिती खाटेजवळ उभ्या राहून सांगा, बाई. सात नंबर, आठ नंबर करू नका. तिले नाव आहे." ताईच्या लेखी दवाखाना सुधारणं म्हणजे हे होतं.

मग आली दर्जाची तपासणी. नव्या चादरी आल्या, हातमोजे आले. सिस्टरांले वार्ड सोडून रांगोळ्या काढाले बसवलं. हात कसे धुवाचे, त्याची चित्रं भिंतीवर लागली. नळाले पाणी नाई, पण चित्र एकदम मस्त! दवाखान्याले बक्षिसाची ढाल भेटली. तपासणीवाल्यांची गाडी गेली, अन् चादरी परत कपाटात. कुलूप. काऊन? तर पेशंट घाण करतात, मग पुढच्या तपासणीले काय दाखवाचं?

सांगा मंडळी, चादर पेशंटसाठी नाई तर कोणासाठी? ढालीले अंथराले?

ताई भांडली. पुन्हा पुन्हा भांडली. "साहेब, किल्ली वार्डात ठेवा." उत्तर, "पाहू." "साहेब, सिस्टरा कमी आहेत." उत्तर, "पाहू." सारा वार्ड अन् एक सिस्टर! अंगात ताप, तरी ताई डबल ड्युटी करून राह्यली. सुट्टी मागितली तर साहेब म्हणे, "तुमच्याशिवाय वार्ड कोण सांभाळील?" गोड बोलून मारलं हो माणसाले!

मलेरिया मेंदूत गेला. आपल्याच दवाखान्यात ताई खाटेवर पडली. खाली फाटकी चादर. मी किल्लीसाठी धावली. स्टोअरवाला म्हणे, साहेबाची सही आण. साहेब मीटिंगमध्ये. रिकाम्या हातानं परत आली मी. ताईनं माझ्या हाताकडे पाहिलं. म्हणे, "राहू दे. मैनाकडे जा, तिले कळा सुरू झाल्या."

तेच तिचं शेवटचं बोलणं.

आज टेबलावर ताईचा फोटो आहे. फोटोखाली पांढरीशुभ्र चादर आहे. घडीसुद्धा मोडली नाई. मी ओळखली ती. म्हणजे कपाट उघडते तर, साहेब! बाई जिवंत असताना नाई, पण फोटोसाठी उघडते.

आता मौन पाळू. पण साहेब, कपाटाची किल्ली पहिले या टेबलावर ठेवा. तोवर मी अशीच उभी आहे.

ताई, मौन झालं का ही चादर मी तुझ्या फोटोखालून काढणार. मैना अजून वार्डातच आहे, लेकरू घेऊन. तिच्या खाटेवर अंथरीन. तुले राग येणार नाई, मले माहीत आहे.

उठा, मंडळी.