सहा पालथे डबे

मानोरा, दि. २२ ऑक्टोबर १९७६

नाव सोजरबाई जगदेव भगत, वय अंदाजे ४० वर्षे, धंदा मजुरी, राहणार मानोऱ्याजवळील वनचौकी, जि. अकोला.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, जंगलातले सहाही डबे जागेवर आहेत आणि कॉस्टिकची बरणी हिशेबाप्रमाणे भरलेली आहे, असे वनरक्षक मारोतराव यांनी आज सकाळी पाहून येऊन ठाण्यात सांगितले आहे. तरी माझे पती जगदेव यांना कालपासून इथे बसवून ठेवले आहे.

नागपूरचे प्रोफेसर बोधनकर यांनी जूनमध्ये ते डबे सागाखाली पालथे रोवले. जंगलाची माती हवेत किती वायू सोडते, ते त्यांना मोजायचे आहे. माझे पती दर मंगळवारी प्रत्येक डब्याखाली कॉस्टिकच्या पाण्याची वाटी ठेवतात आणि बुधवारी संध्याकाळी ते पाणी बाटलीत भरून एस.टी.ने पाठवतात. वायू त्या पाण्यात उतरतो म्हणतात. मी पाहिले तेव्हा पाणीच होते.

प्रोफेसर साहेबांची तक्रार अशी की, आकडे फार कमी येतात आणि एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणजे जगदेवने कॉस्टिक साबणवाल्याला विकून वाट्यांत साधे पाणी भरले, असे ते म्हणतात. हे खोटे आहे.

पती जंगलात राखणीच्या फेरीवर गेले की दुपारी मी डबे उचलत होते. माती श्वास घेते, असे साहेबच म्हणाले होते. खुडूक कोंबडी आम्ही टोपल्याखाली झाकतो, तीही दुपारी मोकळी करतो. म्हणून घटकाभर उचलून, आतली कोंडलेली हवा जाऊ देऊन पुन्हा झाकत होते. ज्याखाली किडे जास्त, तो डबा जास्त वेळ. पतीस हे माहीत नव्हते.

यावर हवालदार माणिकराव म्हणाले, "मंग चोरी कायची लिहू, बाई? हवेची?"

बाकावरून पती म्हणाले, "अवं, चार महिने तू मातीले हवा देऊन राह्यली अन् मले सांगतलं नाई?"

मी म्हटले, "तुमी कुठी इचारलं? तिचा जीव गुदमरला असता."

हे काम गेले तर चौकीतली खोलीही जाईल. पतीस सोडणार की नाही, ते प्रोफेसर साहेब सोमवारी आल्यावर ठरेल, असे सांगतात. तोवर डबे उचलू नयेत, अशी मला ताकीद आहे. मंगळवारी वाट्या कोण ठेवणार, ते कोणी सांगत नाही.

लिहिलेले मला वाचून दाखवले. 'चोरी' हा शब्द एके ठिकाणी माझ्या तोंडी घातला होता, तो खोडून घेतला. बाकी मी बोलले तसे आहे. सोमवारी साहेबांसमोर हेच सांगेन.

डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा